कोरडा डबा

विशेदादांनी आयुष्यात कशावर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवला असेल असं मला वाटत नाही. स्वतःच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांनी भटजींना "मुहूर्ताला घड्याळ कोणाचं धरलंय?" असं विचारलं होतं म्हणे. ही गोष्ट खरी का, असं मी एकदा त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "तुमाला कोणी सांगितली?" उत्तर राहिलं बाजूला, माझीच उलटतपासणी सुरू झाली.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी आहे. काम वेल्डिंग तपासायचं. मोठे लोखंडी पाइप एकमेकांना जोडतात, त्या सांध्याच्या आत भेग किंवा पोकळी राहिली तर ती वरून दिसत नाही. मग माणसाच्या छातीचा काढतात तसा सांध्याचा फोटो काढावा लागतो. त्यासाठी एका जड पेटीत भाताच्या दाण्याएवढी किरणोत्सर्गी गोळी असते. गोळीला सगळे सोर्स म्हणतात आणि पेटीला कॅमेरा. लांब उभं राहून हँडल फिरवलं की तारेच्या टोकाला बसवलेला सोर्स नळीतून पाइपापर्यंत जातो, पलीकडे लावलेल्या फिल्मवर फोटो उमटतो, आणि हँडल उलटं फिरवलं की सोर्स परत पेटीत येतो. हँडल फिरवणारे लोक साइटवर, आणि आलेल्या फिल्म धुऊन वाचणारी मी. शहापूरहून किन्हवलीमार्गे एसटीनं यायचं, दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसायचं आणि संध्याकाळी उजेडात डोळे मिचकावत परत जायचं, असं माझं चाललं होतं.

विशेदादा स्टोअर सांभाळत. कॅमेरे, तारा, नळ्या आणि किरण मोजायची मीटरं त्यांच्या ताब्यात. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, खांद्यात जरा वाकलेले, आणि चष्मा असला तरी तुमच्याकडे बघायचं ते चष्म्याच्या वरून. आधी शहापुरात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. "रेडिओ बिघडत नाय, रेडिओत ओल जाते," हा त्यांचा तिथला सिद्धांत. दुकान बंद पडलं आणि ते आमच्याकडे आले, तेव्हा सिद्धांत तेवढा बरोबर घेऊन आले. आमच्या भागात पावसाचे चार महिने भिंतीला हात लावला तरी हात ओला होतो, तेव्हा त्यांना पुरावा शोधायला लांब जावं लागत नसे.

मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी माझा बॅज हातात घेतला. आमच्याकडे प्रत्येकाच्या छातीला एक छोटा बॅज असतो. त्यातल्या चकत्या माणसानं किती किरण खाल्ले ते धरून ठेवतात. दर तीन महिन्यांनी बॅज तपासणीला जातात आणि माणसागणिक आकडा येतो. दादा म्हणाले, "ताय, ह्यो तुमचा साक्षीदार. ह्याला जपा." मी मान डोलावली आणि पुढच्याच आठवड्यात अ‍ॅप्रनसकट तो बादलीत भिजवला. वाळवून, पुसून, गुपचूप परत लावला. दादांनी तो नाकाशी धरला आणि म्हणाले, "साबणाचा वास येतोय." मी म्हटलं, पावसात भिजला असेल. ते म्हणाले, "पावसाला साबणाचा वास येतो काय तुमच्या शहापुरात?" ते स्वतः शहापूरचेच. पण संशय घ्यायची वेळ आली की गावसुद्धा माझ्या एकटीचं व्हायचं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्हालाच त्यांचा संशय यायचा. हा माणूस मॅनेजरचा खबऱ्या आहे असं सगळ्यांचं मत होतं, आणि माझंही होतं. त्यांच्या खिशात कायम एक प्लॅस्टिकची चिकटवलेली पुडी असायची. मीटर साइटवर जाण्याआधी ते पाठमोरे होऊन ती पुडी मीटरला लावत, काहीतरी बघत आणि पुडी परत खिशात. कुणी म्हणालं अंगारा आहे. कुणी म्हणालं याच्या मुठीत काहीतरी आहे, म्हणून याचं मीटर चालतं आणि आपलं बंद पडतं. एकदा शर्ट खुंटीला टांगून ते हात धुवायला गेले, तेव्हा मी न राहवून पुडी काढून बघितली. आत पांढऱ्या जाळीदार कापडाची छोटी पिशवी होती. मी ती उजेडाला धरली. तेवढ्यात मागून आवाज आला, "गॅसबत्तीचं मँटल हाय ते."

पूर्वी वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालत, त्यातलं जुनं मँटल. त्या जुन्या मँटलच्या कापडात किंचित किरणोत्सर्ग असतो. धड चालणारं मीटर त्याच्याजवळ नेलं की काटा जरासा हलतो. म्हसाच्या जत्रेत एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून दादांनी ते विकत घेतलं होतं. मीटर देण्याआधी ते जिवंत आहे का, हे बघायची त्यांची ही रीत. मी ओशाळून म्हटलं, "पण मीटर शून्य दाखवत असतं ना, मग चालू आहेच की."

"शून्य दाखवतंय म्हंजे काय नाय, असं नाय," दादा म्हणाले. "शून्य दाखवतंय म्हंजे शून्य दाखवतंय. मेलेलं मीटर पण शून्यच दाखवतं."

त्यानंतर मी त्यांच्यावर संशय घेणं सोडलं, पण ते माझ्यावर घ्यायचे थांबले नाहीत. खिशाला हात लावणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवील?

ओलीशी त्यांचं वैर होतं. मीटरांच्या कपाटात ते सिलिका जेलचे निळे दाणे ठेवत. दाण्यांनी ओल शोषली की ते गुलाबी होतात. मग ते तव्यावर भाजायचे, पुन्हा निळे होतात. तवा चहावाल्या बेबीताईंचा. एकदा दाण्यांना तेल लागलेलं दिसलं आणि दादांनी तिथल्या तिथे चौकशी लावली. बेबीताई म्हणाल्या, "पोह्याला फोडणी दिली व्हती, दुसरं काय देनार?" दादांनी संध्याकाळी बाजारातून स्वतःचा तवा आणला आणि कॅमेऱ्यांबरोबर कुलपात ठेवला. आमच्याकडे किरणोत्सर्गी सोर्स आणि लोखंडी तवा यांची सुरक्षा व्यवस्था एकच होती, यावर आम्ही पुष्कळ हसलो.

हसू बंद व्हावं असा प्रसंग एका श्रावणात घडला. तानसाच्या रस्त्याला एका वाडीजवळ पाइपांचं काम चाललं होतं. मीटर भिजू नये म्हणून साइटवरच्या लोकांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड रबरानं गच्च बांधलं. बाहेरचं पाणी आत गेलं नाही हे खरं, पण आतली दमट हवा आतच कोंडली, आणि थंडगार जीपमध्ये ठेवल्यावर पिशवीला आतून घाम फुटला. साइटवर उतरल्यावर सोर्स पेटीतच असताना मीटरचा काटा उसळून शेवटाला जाऊन बसला. सगळे जेवणाचे डबे टाकून पळाले. वाडीतल्या लोकांनी त्यांना पळताना बघितलं आणि दुसऱ्या दिवशी जीप अडवली.

दादा तिथे गेले. मीही होते, कारण फिल्म पुन्हा काढायच्या का ते मला ठरवायचं होतं. एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली, "तुमी हितं काय पुरलंय? बाया पाण्याला जायला भेतात."

मॅनेजरनं पढवून पाठवलं होतं की काळजीचं कारण नाही असं सांगा. दादा म्हणाले, "आमच्या येंत्रात ओल गेली आन त्ये खोटं बोललं. पन माझ्यावर इश्वास ठेवू नका आजी. मी कंपनीचा माणूस हाय." त्यांनी दुसरं कोरडं मीटर काढलं, मँटल लावून काटा हलतो ते दाखवलं आणि मीटर म्हातारीच्याच हातात दिलं. म्हातारी ते धरून विहिरीपर्यंत गेली, पाइपाभोवती फिरली, स्वतःच्या घरात जाऊन आली. आम्ही तासभर उभे. परत आल्यावर तिनं मीटर दिलं आणि दादांना विचारलं, "आन ह्ये खरं बोलतंय कशावरून?"

दादांचा चेहरा असा फुलला की जणू आपली हरवलेली बहीण भेटली. जीपमध्ये बसल्यावर ते म्हणाले, "एवढ्या वर्सांत पयला शाना प्रश्न ऐकला."

पण त्या प्रकरणाचा एक वाईट परिणाम झाला. पावसात मीटर येडं होतं, हे आमच्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. काटा वर गेला तर ओल, बंद पडलं तरी ओल. ओलीचा शोध दादांनी लावला होता, पण सबब म्हणून ती सगळे वापरू लागले.

त्याच पावसात तपासणीला गेलेल्या बॅजपैकी काहींवर बुरशी आली म्हणून शेरा आला. दादांनी आम्हाला रांगेत उभं करून झाडलं. "साक्षीदारच कुजवलात, आता तुमची बाजू कोण सांगणार?" हे बोलणं मला फार लागलं, कारण बॅजची नोंदवही माझ्याकडे होती. मी घरून एक मोठा स्टीलचा डबा आणला, तळाला निळे दाणे पसरले, वर कापड घातलं, आणि मुसळधार पावसाच्या दिवशी साइटवर जाणाऱ्यांना सांगू लागले की बॅज माझ्याकडे ठेवून जा, आल्यावर घ्या. त्यांना काय, बरंच झालं. डबा माझ्या टेबलावर असायचा. दादा येता-जाता त्याच्याकडे बघत, झाकण घट्ट आहे ना तेवढं दाबून बघत. डब्यात बॅज कोणत्या वेळी असतात, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांनी न विचारलेला माझ्या माहितीतला हा एकच प्रश्न.

आणि मग संजयचं झालं.

संजय भोईर आमचा हँडल फिरवणारा माणूस, आमचा सगळ्यांत चांगला रेडिओग्राफर. किन्हवलीच्या अलीकडे त्याचं घर. तिशीचा, हसरा, मुलगी तेव्हा चार महिन्यांची. त्या दिवशी तो तानसाच्या त्याच कामावरून दुपारी परत आला आणि दादांच्या टेबलावर त्यानं आपलं पेन ठेवलं. हे पेन म्हणजे लिहायचं नव्हे. खिशाला लावायची ती एक बारीक नळी. डोळ्याला लावून उजेडाकडे बघितलं की आत एक केसासारखी रेघ दिसते. सकाळी चार्ज करून ती शून्यावर आणायची, अंगावर किरण पडले की ती तेवढी सरकते. संजयच्या पेनातली रेघ मोजपट्टीच्या बाहेर गेली होती.

"ओल लागली असंल दादा," संजय म्हणाला.

तसं होऊ शकतं. पेनाला ओल लागली तर चार्ज गळतो आणि रेघ आपोआप सरकते. हेही आम्हाला दादांनीच शिकवलं होतं. मॅनेजरनं लगेच कागद तयार केला: दमट हवेमुळे उपकरणात चुकीची नोंद. खाली विशेदादांच्या सहीची जागा. माणसानं खरंच एवढे किरण खाल्ले असतील तर वर सरकारपर्यंत कळवावं लागतं, चौकशी लागते, काम थांबतं आणि तो माणूस सोर्सच्या कामावरून दूर होतो. सही झाली की हे काहीच होणार नव्हतं. दादा आयुष्यभर जे म्हणत आले तेच त्यांनी एकदा कागदावर म्हणायचं होतं.

दादा म्हणाले, "उद्या बगू."

मॅनेजर चिडला. संजय रडवेला झाला. मलाही राग आला, एरवी दिसेल त्या यंत्रात ओल शोधणारा हा माणूस आजच का अडतोय म्हणून. दादांनी पेन पुन्हा चार्ज केलं, रेघ शून्यावर आणली आणि ते न्हाणीघरात ओल्या भिंतीला टांगलं. बाहेर कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्यासमोर कुलूप काढलं, पेन डोळ्याला लावलं आणि एकेकाच्या हातात दिलं. रेघ जागची हलली नव्हती.

"पेनात ओल नाय," दादा म्हणाले.

मग त्यांनी संजयनं वापरलेलं मीटर घेतलं. ते शून्य दाखवत होतं. मँटल लावलं, तरी शून्यच. उघडलं तर आतल्या जोडाजवळ पाण्याचे बारीक थेंब. साइटवर कधीतरी ते मेलं होतं. मग त्यांनी हँडलची तार बाहेर ओढली आणि बोटांवर गंज दाखवला. कोणाला काही समजावून सांगायची गरज राहिली नाही. तार गंजून अडली असेल तर सोर्स पूर्ण पेटीत गेला नसेल, अर्ध्या वाटेवर नळीतच राहिला असेल, आणि मेलेलं मीटर घेऊन संजय त्या नळीपाशी गेला असेल.

दादा त्याच्यासमोर स्टुलावर बसले. रागावले नाहीत. "संजय, नळीला हात लावला व्हतास काय?"

संजयनं स्वतःचे तळहात बघितले. मग म्हणाला, "गुंडाळीत व्हतो. तेवढ्यात जोडीदारानं हँडल परत फिरवून बगितलं. आत खट्ट झालं, दादा. माझ्या हातात असताना."

सोर्स पेटीत जाऊन बसतो तेव्हा तो आवाज होतो. म्हणजे तोपर्यंत तो बाहेर होता. संजयला हे तिथेच कळलं होतं आणि कालपासून तो एकटाच ते घेऊन बसला होता.

"किती वेळ?"

"चार-पाच मिनिटं असतील."

पेनाची मोजपट्टी संपली होती, तेव्हा पेन एवढंच सांगत होतं की आकडा मोठा आहे. किती मोठा, ते बॅजच सांगणार होता. दादा माझ्याकडे वळून म्हणाले, "ताय, ह्याचा बॅज आजच्या आज पाठवायचा."

 मी डबा उघडला. संजयचा बॅज त्यात होता. आदल्या दिवशी सकाळी पाऊस कोसळत होता म्हणून मीच तो काढून घेतला होता. निळ्या दाण्यांवर अगदी कोरडा, स्वच्छ, एक डाग नाही. मी तो दादांच्या हातात दिला आणि सांगितलं.

मला वाटलं आता हा माणूस मला फाडून खाणार. ते बॅजकडे बघत राहिले. "ओल लागू नये म्हणून?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते पुन्हा स्टुलावर बसले आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

तेवढ्यात मॅनेजर म्हणाला की मग सोपंच झालं, हाच बॅज पाठवू या, कोरा येईल, कोरा आला की पेन चुकलं असं आपोआप ठरेल. आणि इथे मला लपवाछपवी करायची नाही: मलाही तेच हवं होतं. माझी नोकरी वाचत होती. संजयची वाचत होती. संजयसुद्धा आशेनं दादांकडे बघत होता, ज्याच्या हातांचा प्रश्न होता तोच. मी म्हटलं, "दादा, बॅज काही खोटं बोलणार नाही ना."

"नाय बोलणार," दादा म्हणाले. "डब्यात काय व्हतं ते तो बरोबर सांगल. डब्यात संजय नव्हता."

त्यांनी मॅनेजरचा कागद उलटा केला आणि पाठीमागे स्वतःच्या हातानं सगळं लिहिलं. मीटर मेलेलं होतं, तार गंजलेली होती, ती महिनाभर आपण तपासली नाही. बॅज डब्यात होता. डब्यात कोणी ठेवला, तर माझं नाव पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. तिनं तसं का केलं, तर ओलीवरून आपण तिला बोललो होतो म्हणून. डबा आपण रोज बघत होतो आणि तरी विचारलं नाही, हे शेवटी. मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "ह्यात काय खोटं हाय?" काहीच खोटं नव्हतं. मला त्यांचा इतका संताप आला की मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला माणसं कळतच नाहीत, दादा. तुम्हाला फक्त यंत्रं कळतात." ते म्हणाले, "यंत्रं तरी कुठं कळली?"

वर कळवलं गेलं. संजयला मुंबईला नेलं, रक्त तपासलं. रक्ताच्या तपासणीतून अंगानं किती किरण खाल्ले याचा अंदाज येतो. बाकी अंगाचं थोडक्यात निभावलं होतं. पण तिथल्या डॉक्टरांनी तो कागद वाचला, नळी हातात होती हे वाचलं आणि सांगितलं की हात जपा, आत्ता काही दिसणार नाही, दोन-तीन आठवड्यांनी दिसेल.

ते दोन-तीन आठवडे दादा रोज संजयच्या घरी जात. कंपनीनं त्यांना घरी बसवलं होतं, मलाही तीन महिन्यांसाठी. एवढं माझ्या कानावर यायचं की विशे रोज येतो, "हात दाव" म्हणतो, उजेडाला धरून बघतो आणि जातो. लोक म्हणत, स्वतःची चूक निघू नये म्हणून पाळत ठेवतोय. संजयच्या बायकोनं एकदा दार लावून घेतलं. दादा ओट्यावर बसून राहिले. शेवटी संजयच बाहेर आला आणि त्यानं हात पुढे केले.

अठराव्या दिवशी उजव्या हाताची दोन बोटं लाल झाली. मग फोड आले. त्याच दिवशी दादांनी त्याला मुंबईला नेलं, आणि तिथे त्याचीच वाट बघत असल्यासारखे डॉक्टर तयार होते. कारण कागदावर सगळं होतं. तो कोरा बॅज गेला असता तर आमच्याकडच्या कुठल्या तरी दवाखान्यात चटका समजून मलम लावलं असतं, हात पुन्हा पाण्यात, चिखलात, कामात गेला असता, आणि बोटं राहिली नसती. हे मला डॉक्टरांनी नव्हे, संजयच्या बायकोनं सांगितलं, शहापूरच्या बाजारात, माझा हात धरून. मला तिच्याकडे बघवेना.

मी कामावर परत गेले. दादा गेले नाहीत. त्यांना कुणी बोलावलंही नाही. मी त्यांना एकदाही फोन केला नाही. आधी रागानं, मग लाजेनं, आणि शेवटी आता फार दिवस झाले म्हणून.

मग मागच्या माघात मुरबाडच्या एसटी स्टँडवर ते दिसले. सकाळचे अकरा वाजले होते. बाकावर संजय बसला होता, त्याच्यासमोर दादा उभे. जास्तच वाकलेले, शर्ट ढगळ झालेला. मी खांबाशी थांबले. त्यांनी मला बघितलं नाही.

संजयचा उजवा हात त्यांच्या हातात होता. दोन बोटांची टोकं गुळगुळीत, फिकी, बाकीच्या हाताहून वेगळी. संजय म्हणत होता, "डॉक्टर बोलले दादा, बरी झाली. बधिरपणा गेला. दर पंधरा दिवसांनी यायची गरज नाय बोलले आता."

"डॉक्टर बोलले," दादा म्हणाले. "डोळं मिट."

संजयनं निमूट डोळे मिटले. दादांनी खिशातून एसटीचं तिकीट काढलं, त्याची कड एका बोटाच्या टोकाला हलकेच लावली. "कोणतं?"

"मधलं."

दुसऱ्या बोटाला लावली. "आता?"

"त्याच्या शेजारचं."

"आता?"

"परत मधलं."

मग त्यांनी तिकीट खाली घेतलं. हात नुसता धरून ठेवला, कशालाच काही लावलं नाही, आणि विचारलं, "आता कोणतं?"

संजय थांबला. मिटल्या डोळ्यांनीच त्यानं मान जराशी तिरकी केली.  कुठलंही बोट सांगितलं असतं तर आधीची सगळी उत्तरं अंदाजानं दिलेली ठरली असती, दादांचं मन राखायला.

"आता नाय लावलं तुमी," संजय म्हणाला.

दादांनी त्याचा हात सोडला नाही. ते तसेच उभे राहिले आणि गर्दीच्या स्टँडवर, माणसं येत-जात असताना, ते रडू लागले. संजयचे डोळे अजून मिटलेलेच होते. "उघडू काय दादा?" त्यानं विचारलं.

"थांब जरा," विशेदादा म्हणाले.